रातकिड्यांच्या पावडरीचे गणित कुठे चुकले? भारतासाठी दोन अपयशांचा अर्थ

नवी दिल्ली : रातकिड्यांपासून प्रथिनयुक्त पावडर तयार करणाऱ्या जपानमधील ‘ग्रिलस’ या नवउद्योगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये तोकुशिमा जिल्हा न्यायालयात दिवाळखोरीसाठी अर्ज केला. कंपनीची देणी सुमारे १५ कोटी येन, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने आठ कोटी रुपयांच्या आसपास होती. त्यानंतर वर्षभराने, डिसेंबर २०२५ मध्ये, फ्रान्समधील ‘इन्सेक्ट’ ही याच क्षेत्रातील कितीतरी मोठी कंपनी न्यायालयीन अवसायनात गेली. तिने ६० कोटी डॉलरहून अधिक निधी उभारला होता. भारतातही कीटकांपासून प्रथिने मिळवण्याचे उद्योग आकार घेत असताना या दोन्ही अपयशांची कारणे तपासणे आवश्यक ठरते.

‘ग्रिलस’ची स्थापना २०१९ मध्ये तोकुशिमा विद्यापीठातील संशोधनातून झाली. रातकिड्यांच्या ज्या वंशावर तेथे दीर्घकाळ अभ्यास सुरू होता, त्याचेच शास्त्रीय नाव कंपनीने घेतले. लोकसंख्या घटल्याने बंद पडलेल्या शाळेच्या इमारतीत रातकिडे वाढवायचे, अन्नउद्योगातून उरणारे पदार्थ त्यांना खाद्य म्हणून द्यायचे आणि त्यांची पावडर बिस्किटे, पाव व पास्त्यासाठी पुरवायची, अशी ही योजना होती. ‘मुजी’ या प्रसिद्ध साखळीने २०२० मध्ये विद्यापीठाच्या सहकार्याने रातकिड्यांच्या पावडरीची खारी बिस्किटे बाजारात आणली. २०२२ मध्ये ‘झिपएअर’ या विमान कंपनीने ही पावडर घातलेले खाद्यपदार्थ प्रवाशांना उपलब्ध करून दिले.

या उत्साहामागे भक्कम वाटणारा आधार होता. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने २०१३ मधील अहवालात जगातील सुमारे दोन अब्ज लोकांच्या आहारात कीटकांचा समावेश असल्याचे म्हटले होते. तेवढेच प्रथिन मिळवण्यासाठी गुरांच्या तुलनेत रातकिड्यांना बारा पटींनी कमी खाद्य लागते, हे त्या अहवालातील विधान नंतर जवळजवळ प्रत्येक नवउद्योगाच्या सादरीकरणात झळकले. सरकारी मान्यताही मिळत गेल्या. युरोपीय संघाने २०२१ पासून मीलवर्म ही पिवळी अळी, टोळ आणि रातकिडे यांना टप्प्याटप्प्याने मंजुरी दिली. सिंगापूरने जुलै २०२४ मध्ये कीटकांच्या १६ प्रजाती खाण्यास परवानगी दिली. म्हणजेच कायद्याचे दार उघडत असतानाच बाजाराचे दार बंद झाले.

जपानमध्ये निर्णायक ठरली ती एका शाळेतील घटना. नोव्हेंबर २०२२ मध्ये तोकुशिमा प्रांतातील एका उच्च माध्यमिक शाळेत भोजनासाठी केलेल्या भोपळ्याच्या तळलेल्या पदार्थात रातकिड्यांची पावडर वापरण्यात आली. तो खाणे ऐच्छिक होते आणि त्याची पूर्वकल्पनाही देण्यात आली होती. तरीही २०२३ च्या प्रारंभी समाजमाध्यमांवर संतापाची लाट उसळली. मुलांना नकळत किडे खाऊ घातले जात असल्याचा समज पसरला. त्यानंतर कंपनीचा व्यवसाय आक्रसत गेला.

हा समज चुकीचा होता, परंतु तो इतक्या सहज पटला याचे मूळ पावडरीच्या स्वरूपातच आहे. पाय, पंख आणि डोळे दिसू नयेत, यासाठीच कीटकांची पावडर केली जाते. ग्राहकाची किळस टाळण्यासाठी योजलेला हा उपाय त्याच्या मनात संशयही निर्माण करतो. इटलीने २०२३ मध्ये कीटकजन्य पदार्थांसाठी ठळक लेबल आणि दुकानात स्वतंत्र मांडणी बंधनकारक केली, त्यामागे हीच भीती होती.

पावडरीची दुसरी अडचण आर्थिक आहे. एकदा ओळख पुसली की तो पदार्थ केवळ प्रथिनांचा एक स्रोत उरतो आणि त्याची स्पर्धा दुधातील व्हे, सोयाबीन व वाटाण्याच्या प्रथिनांशी सुरू होते. तेथे निर्णय किमतीवर होतो. भारतात २०२५-२६ साठी सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला सुमारे ५३ रुपये आहे. त्या दाण्यात वजनाच्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक प्रथिने असतात. कारखान्यात वाढवलेल्या रातकिड्यांना सुमारे ३० अंश सेल्सिअस तापमान सतत लागते. त्यावर मजुरी, वाळवण, दळण आणि निर्जंतुकीकरणाचा खर्च चढतो.

कीटक टाकाऊ अन्नावर वाढतात, हा दावाही सरसकट खरा नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात, फारशी प्रक्रिया न केलेल्या शहरी अन्नकचऱ्यावर ठेवलेले जवळजवळ सर्व रातकिडे वाढ पूर्ण होण्यापूर्वीच मेले. उत्तम वाढ झाली ती कोंबडीखाद्यासारख्या धान्याधारित आहारावर. परंतु तेच खाद्य थेट कोंबड्यांना दिले तर अंडी आणि मांस मिळतेच. मग मधल्या टप्प्याचा खर्च कशासाठी, या प्रश्नाला समाधानकारक उत्तर मिळाले नाही.

फ्रान्समधील ‘इन्सेक्ट’ला हेच गणित पशुखाद्याच्या बाजारात नडले. २०११ मध्ये स्थापन झालेली ही कंपनी मीलवर्मपासून प्रामुख्याने मासे आणि पाळीव प्राण्यांच्या खाद्यासाठी प्रथिने तयार करत होती. आमियां शहराजवळ तिने प्रचंड स्वयंचलित प्रकल्प उभारला. मात्र तिच्या अळ्यांचे खाद्य असलेला गव्हाचा कोंडा गुरांच्या खाद्यासाठीही विकला जातो. मासळीची भुकटी आणि सोयापेंड यांच्या किमतीशी बरोबरी साधण्यापूर्वीच कारखान्याचा विस्तार झाला आणि तोटा वाढत गेला.

प्रथिनांच्या आकड्यांबाबतही सावधगिरी हवी. रातकिड्यांच्या पावडरीत ६० टक्क्यांहून अधिक प्रथिने असल्याचे सांगितले जाते. हे प्रमाण नमुन्यातील नायट्रोजनला ६.२५ ने गुणून काढतात. परंतु कीटकांच्या कवचातील कायटिनमध्येही नायट्रोजन असते आणि ते प्रथिन नव्हे. त्यामुळे कीटकांसाठी गुणक पाचच्या आसपास धरावा, असे अनेक संशोधकांचे मत आहे. तसे केल्यास ६० टक्क्यांचा आकडा ४८ टक्क्यांवर येतो. शिवाय कोळंबी व खेकड्याची अॅलर्जी असलेल्यांना कीटकांचाही त्रास होऊ शकतो.

भारताचे चित्र मात्र जपान किंवा फ्रान्सपेक्षा वेगळे आहे. नागालँड, मणिपूर, अरुणाचल प्रदेश आणि आसाममध्ये कीटक हे नित्याचे अन्न आहे. आसाममधील अनेक कुटुंबांत एरी रेशमाच्या अळ्या मुख्यतः खाण्यासाठी पाळल्या जातात आणि त्यांचे कोश हे जोडउत्पादन मानले जाते. ओडिशातील मयूरभंजच्या लाल मुंग्यांच्या ‘काई चटणी’ला जानेवारी २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. छत्तीसगडच्या बस्तरमध्येही अशी चटणी आठवडी बाजारात मिळते. येथे कीटक लपवले जात नाहीत. चव आवडते म्हणून लोक ते खातात आणि त्यासाठी चांगला दर मोजतात. पावडरीला ही मागणी आपोआप लाभणार नाही.

उर्वरित देशात लेबलाचा प्रश्न कळीचा ठरेल. ज्या खाद्यघटकांसाठी मानके ठरलेली नाहीत, त्यांना २०१७ च्या नियमांनुसार भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाची पूर्वपरवानगी लागते. दूध आणि मध यांसारखे अपवाद वगळता प्राणिजन्य घटक असलेल्या पदार्थावर मांसाहाराचे चिन्ह आवश्यक असते. व्यायामशाळांत खपणाऱ्या पावडरीच्या ग्राहकांत शाकाहारींची संख्या मोठी असल्याने येथे जराही संदिग्धता राहिली, तर जपानपेक्षा तीव्र प्रतिक्रिया उमटू शकते.

त्यामुळेच भारतीय नवउद्योगांचा कल सध्या मत्स्यखाद्य व पाळीव प्राण्यांच्या खाद्याकडे दिसतो. बंगळूरुमधील ‘लूपवर्म’ ही कंपनी त्यासाठी रेशीमकिड्यांचा आणि ब्लॅक सोल्जर फ्लाय या माशीच्या अळ्यांचा उपयोग करते. यांपैकी रेशीमकिड्यांचे गणित विशेष लक्ष देण्याजोगे आहे. रेशीम उत्पादनात भारत चीननंतर जगात दुसरा आहे. धागा काढल्यावर कोशात उरणारी अळी प्रथिनांनी समृद्ध असते आणि तिच्या संगोपनाचा खर्च रेशमातून आधीच निघालेला असतो. ‘ग्रिलस’ आणि ‘इन्सेक्ट’ यांना ही सोय नव्हती. कर्नाटकातील रामनगरप्रमाणे जालना येथेही २०१८ पासून कोशांची बाजारपेठ आहे. मात्र तेलाचे प्रमाण अधिक असल्याने ही अळी लवकर खराब होते. ती तातडीने वाळवण्याची सोय धागा काढणाऱ्या केंद्रांजवळ झाली, तरच तिला चांगला भाव मिळेल आणि कोश विकणाऱ्या शेतकऱ्यालाही त्यातील वाटा मागता येईल.

कीटकांपासून प्रथिने मिळवण्याची कल्पना या दोन दिवाळखोऱ्यांमुळे निकालात निघत नाही. मात्र पुढील प्रकल्पाला बँकेचे कर्ज किंवा सरकारी अनुदान देण्यापूर्वी तीन प्रश्न विचारावे लागतील. कीटक काय खाणार आणि त्या खाद्याला दुसरा ग्राहक आहे का? किलोभर प्रथिनांची किंमत सोयापेंडीच्या तुलनेत किती? आणि पाकिटावर कीटकाचे नाव ठळकपणे छापूनही ते विकले जाईल का? आसाम आणि मयूरभंजच्या बाजारांनी तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर केव्हाच दिले आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे नवउद्योगांनी द्यायची आहेत.