मन कोणाचे, मानसशास्त्र कोणाचे?

विद्यापीठ अनुदान आयोगाने ऑगस्ट २०२५ मध्ये एक फर्मान काढले. मानसशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, अन्न व पोषणशास्त्र असे विषय यापुढे दूरशिक्षणाने किंवा ऑनलाइन शिकवायचे नाहीत. जुलै-ऑगस्ट २०२५ च्या सत्रापासून नवे प्रवेश बंद. बी.ए.मध्ये अनेक विषय असतील तर त्यातले मानसशास्त्र तेवढे काढा, इतिहास-मराठी चालू द्या. आधार दिला तो आरोग्यसेवा व्यवसायांसाठी २०२१ साली झालेल्या केंद्रीय कायद्याचा. बातमी आली आणि विरूनही गेली. आरक्षणाला हात लागला की आमचा समाज रस्त्यावर उतरतो, आणि उतरलाच पाहिजे. पण एखादा दरवाजा आवाज न करता लागला की कोणाचे लक्षही जात नाही.

हा दरवाजा कोणाचा होता? ज्याला दिवसाचे कॉलेज परवडते त्याचा नव्हता. गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतीत पाळी करणाऱ्याचा होता. इचलकरंजीच्या मागावर रात्र काढून सकाळी पुस्तक उघडणाऱ्याचा होता. लग्न होऊन चंदगड, शाहूवाडीच्या वाडीवस्तीत गेलेल्या आणि बी.ए. अर्धवट राहिलेल्या आमच्या बहिणींचा होता. इग्नूसारख्या मुक्त विद्यापीठाची मानसशास्त्राची पदवी म्हणजे अशा माणसांना पोटाला चिमटा काढून का होईना, हाताला लागणारी गोष्ट होती.

आयोगाची बाजू अगदीच खोटी आहे असे आम्ही म्हणणार नाही. माणसाच्या मनावर उपचार करणारा माणूस टपालाने तयार होत नाही. प्रात्यक्षिक लागते, अनुभवी माणसाच्या देखरेखीखाली काम करावे लागते. पण मानसशास्त्र शिकणारा प्रत्येक जण दवाखाना उघडत नाही. कोणी शिक्षक होतो, कोणी लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला वैकल्पिक विषय म्हणून घेतो, कोणाला केवळ आपल्या घरातले दुःख समजून घ्यायचे असते. या सगळ्यांना एकाच दाव्याने बांधायचे आणि पर्याय काहीच द्यायचा नाही, याला गुणवत्तेची काळजी म्हणता येत नाही.

आम्ही हे कोल्हापुरातून लिहितो आहोत म्हणून एक आठवण देणे भाग आहे. खेड्यातले पोर शहरातल्या शाळेपर्यंत पोहोचत नाही, हा प्रश्न राजर्षी शाहू महाराजांपुढेही होता. त्यांनी शाळेची दारे अधिक अरुंद केली नाहीत. १९०१ साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभे राहिले, १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क होस्टेल आले, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचे आणि मोफत झाले. अंतराचा प्रश्न त्यांनी वसतिगृह बांधून सोडवला. आजचे सरकार तोच प्रश्न विद्यार्थ्यालाच वगळून सोडवते आहे!

आता कोणी म्हणेल, आमच्या पोरांना मानसशास्त्र कशाला हवे? इंजिनीअर व्हावे, वकील व्हावे, बँकेत लागावे. हा प्रश्न परका माणूस विचारत नाही, आमच्याच घरातला बाप विचारतो, आणि त्याचे चुकते असेही नाही, कारण त्याला नोकरी दिसली पाहिजे. पण बाबासाहेबांकडे पाहा. मे १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात त्यांनी जातीच्या उगमावर जो निबंध वाचला, त्यात जात समाजभर कशी पसरली याचे उत्तर त्यांनी धर्मग्रंथात शोधले नाही. वरच्याचे अनुकरण करण्याच्या माणसाच्या प्रवृत्तीत ते शोधले, आणि त्यासाठी गाब्रिएल तार्द या फ्रेंच विचारवंताच्या अनुकरण-सिद्धांताचा आधार घेतला. म्हणजे जातीची मानसशास्त्रीय मीमांसा पंचविशीतल्या भीमरावांनी शंभर वर्षांपूर्वीच करून ठेवली. त्यांचे गुरू जॉन ड्यूई हे १८९९ मध्ये अमेरिकन मानसशास्त्रज्ञांच्या संघटनेचे अध्यक्ष होते. पुढे १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जात ही विटांची भिंत नसून मनाची अवस्था आहे अशा अर्थाची मांडणी केली. ज्या तथागताचा धम्म त्यांनी १९५६ मध्ये आम्हाला दिला, त्याने तर मनालाच केंद्रस्थानी ठेवले आहे. असे असताना आमच्या पदवीच्या पुस्तकांत फ्रॉइड भेटतो, पावलोवचा कुत्रा भेटतो, स्किनरचा उंदीर भेटतो. जातीने माणसाच्या मनाचे काय केले यावर चार पाने भेटणे मात्र मुश्कील!

हे शास्त्र सोवळे नाही, हेही आमच्या पोरांना माहीत असावे. पहिल्या महायुद्धात अमेरिकेने आपल्या सैनिकांच्या बुद्धिचाचण्या घेतल्या. त्या आकड्यांवर कार्ल ब्रिगहॅम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ मध्ये पुस्तक लिहून काळे लोक आणि दक्षिण-पूर्व युरोपातून आलेले लोक बुद्धीने कमी असल्याचा निष्कर्ष काढला. १९३० मध्ये त्याने तो स्वतःच मागे घेतला, पण तोवर परदेशातून येणाऱ्यांना रोखणारा १९२४ चा कायदा होऊन गेला होता. आपल्याकडे ‘मेरिट’ नावाचा जो शब्द आमच्या तोंडावर फेकला जातो, त्याचे हे चुलतभावंड.

याला उत्तर कोणी दिले? त्याच कोलंबिया विद्यापीठातल्या ओटो क्लाइनबर्ग यांनी १९३५ मध्ये दाखवून दिले की दक्षिणेतून न्यूयॉर्कला आलेली काळी मुले तिथल्या शाळेत जितकी अधिक वर्षे काढतात, तितके त्यांचे गुण वाढतात. मग रक्ताचा प्रश्न कुठे राहिला? केनेथ क्लार्क हा काळा विद्यार्थी तिथलाच. त्याची पत्नी मेमी क्लार्क हिने हॉवर्ड विद्यापीठात काळ्या मुलांच्या आत्मभानावर काम सुरू केले होते. दोघांनी लहान मुलांपुढे रंगाखेरीज बाकी सगळे सारखे असलेल्या बाहुल्या ठेवल्या आणि विचारले, यातली चांगली कोणती? बहुसंख्य काळ्या मुलांनी गोरीकडे बोट दाखवले. वेगळ्या शाळा मुलाच्या मनात न्यूनगंड पेरतात, हे १७ मे १९५४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने मान्य केले, आणि त्या निकालाच्या तळटीपेत क्लार्क यांच्या कामाचा दाखला आहे. मेमी क्लार्कने मानसशास्त्राऐवजी सुरक्षित नोकरी पाहिली असती तर? आमच्या बापमाणसांनी याचा जरूर विचार करावा.

आपल्या देशातही असा प्रयोग झाला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोघींनी उत्तर प्रदेशातल्या खेड्यांत ३२१ उच्चजातीय आणि ३२१ दलित शाळकरी मुलांना कागदावरचे चक्रव्यूह सोडवायला दिले. बरोबर सोडवले की पैसे. जात जाहीर केली नाही तेव्हा दोन्हीकडची मुले सारखीच निघाली. मुलांची नावे आणि जात सगळ्यांसमोर उच्चारली, तेव्हा दलित मुले मागे पडली. तीच बुद्धी, तोच कागद, तेवढेच पैसे! हा अहवाल २००४ चा आहे. दोघी अर्थतज्ज्ञ आहेत, ही गोष्ट आमच्या मानसशास्त्र विभागांनी मनाला लावून घ्यावी. कोल्हापूरच्या महाविद्यालयात हजेरीच्या वेळी आडनाव पुकारले जाते, शिष्यवृत्तीची यादी फलकावर लागते, तेव्हा मागच्या बाकावरच्या मुलीच्या मनात काय होते, हे मोजायला कागद-पेन्सिल पुरते. पण मोजणारा आमच्यातला हवा.

आणि हे नुसते मोजमापाचे प्रकरण नाही. १७ जानेवारी २०१६ ला हैदराबादेत रोहित वेमुला गेला. २२ मे २०१९ ला मुंबईच्या नायर रुग्णालयात डॉ. पायल तडवी गेली. १२ फेब्रुवारी २०२३ ला पवईच्या आयआयटीत दर्शन सोळंकी गेला. प्रत्येक वेळी नैराश्य, अभ्यासाचा ताण, कमकुवत मन हे शब्द पुढे येतात. मन आजारी असेल, पण ते आजारी पाडणारा परिसर कोण तपासणार? समुपदेशक नेमला की संस्थेची जबाबदारी संपते. त्या समुपदेशकाला जात म्हणजे काय हे ठाऊक नसेल, तर समोरच्या पोराला तो श्वासाचे व्यायाम शिकवून परत पाठवणार, आणि पोर पुन्हा त्याच वसतिगृहात जाणार.

आता पायऱ्यांचे पाहू, कारण चढायचे आमच्या पोरांना आहे. नव्या शैक्षणिक धोरणाने राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून ‘मेजर’, ‘मायनर’ आणि चार वर्षांची पदवी आणली. पहिल्या वर्षानंतर बाहेर पडला तर प्रमाणपत्र, दुसऱ्यानंतर पदविका. पण एका वर्षाचे मानसशास्त्राचे प्रमाणपत्र घेऊन कोणत्या दारात उभे राहायचे? बाहेर पडण्याचे दार ठेवले आहे, आणि त्यातून पहिला कोण पडणार हे सांगायला ज्योतिषी नको. नुसत्या बी.ए.वर कोणी मानसोपचार करू शकत नाही. एम.ए. लागते, आणि क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणवून घ्यायचे तर १९९२ च्या कायद्याने आलेल्या भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी आणि तिने मान्य केलेले प्रशिक्षण लागते. वर्षानुवर्षे ते एम.फिल. होते. आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी एम.फिल.च रद्द केली, मग या विषयापुरती २०२५-२६ पर्यंत मुदतवाढ दिली. ज्याच्या घरात सांगणारे कोणी नाही, त्याला या घोळात वाट कशी सापडावी? म्हणूनच प्रवेश घेण्याआधी पुढची शिडी कुठवर जाते हे कॉलेजला विचारा, आणि उत्तर लेखी मागा.

भाषेचाही एक काटा आहे. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाला ‘कंडिशनिंग’ अवघड, म्हणून मराठी पुस्तक हाती घ्यावे तर तिथे ‘अभिसंधान’ आणि ‘प्रबलन’! राधानगरीच्या पोराला दोन्ही परकेच. एकदा संस्कृत पाठ करायचे, मग पुढे इंग्रजी. कुत्र्याला घंटा ऐकून लाळ सुटते, ही गोष्ट आमची आजी दोन वाक्यांत सांगेल.

गरज किती आहे? निम्हान्सच्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी मानसिक विकार होता, आणि वेगवेगळ्या विकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचत नव्हते. पाहणी बारा राज्यांत झाली, त्यात महाराष्ट्र नव्हता. राज्याची प्रादेशिक मनोरुग्णालये चार: ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी. म्हणजे कोल्हापूरच्या माणसाने घाट उतरायचा. घाट उतरण्याआधी तो देवऋष्याकडे जातो. सीमाभागात बाईच्या केसात जट आली की यल्लमाने बोलावले म्हणतात. या फासात अडकलेल्या बहुतेक बाया दलित घरातल्या. शाहू महाराजांनी या प्रथेविरुद्ध १९२० सालीच कायदा केला. कायदा झाला तरी जट उरते, आणि अंगात येणाऱ्या बाईचे दुःख तिच्या बोलीत ऐकून घेणारी शिकलेली मुलगी त्या गावात नसते. ती मुलगी आम्हाला हवी आहे. तिला कोल्हापुरात रोज येणे जमत नाही म्हणून ती दूरशिक्षण घेत होती.

तेव्हा शिवाजी विद्यापीठाकडे आमची मागणी साधी आहे. कोल्हापूर, इचलकरंजी आणि गडहिंग्लज येथे मानसशास्त्राचे वर्ग सकाळी सात ते दहा आणि शनिवार-रविवारी भरवावेत, म्हणजे नोकरी करणाऱ्यालाही नियमित विद्यार्थी म्हणून प्रवेश मिळेल आणि शिष्यवृत्तीचा अर्ज करता येईल. त्यासाठी संसदेचा कायदा लागत नाही. विद्यापीठाच्या अधिकार मंडळांचे ठराव लागतात आणि राज्य सरकारने भरलेली प्राध्यापकांची पदे लागतात, आरक्षणाच्या बिंदुनामावलीसह. अधिसभेत निवडून गेलेल्या आमच्या प्रतिनिधींनी पुढच्या प्रवेशाचा हंगाम सुरू होण्याआधी हा ठराव मांडावा.