परंपरेचा शिक्का

आमच्या जावळी मुलखात सोयरीक जमवताना मुलाचे गुण मागाहून आणि घराणे आधी विचारतात. अध्यात्माच्या बाजारातही हाच रिवाज आहे. दहा दिवस मौन पाळून परतलेला पाहुणा दिवाळीच्या फराळाला बसला की हटकून सांगतो, "ही खुद्द भगवान बुद्धांची विद्या! ब्रह्मदेशात दोन हजार वर्षे जशीच्या तशी सांभाळलेली!" मेढ्यात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकले आहे, की आता त्याची झडती घेणे भाग आहे.

सत्यनारायण गोयंका यांनी १९६९ साली ब्रह्मदेशातून येऊन भारतात विपश्यनेची शिबिरे सुरू केली. पुढे इगतपुरीचे धम्मगिरी जगभर गाजले. गोयंकांचे गुरू ऊ बा खिन हे ब्रह्मदेश सरकारचे महालेखापाल होते. त्यांचे गुरू सया तैजी शेतकरी, आणि तैजींचे गुरू लेडी सयाडो (१८४६-१९२३) हे भिक्षू. नावानिशी साखळी इथेच संपते! त्यापलीकडे एकदम सम्राट अशोकाने सोण व उत्तर या स्थविरांना सुवर्णभूमीस धाडल्याची कथा येते. ती सिंहली बखरींत आहे. अशोकाच्या शिलालेखांत या दोघांचा पत्ता नाही. मग मधल्या दोन हजार वर्षांचा जामीन कोण?

इतिहास निराळेच सांगतो. इंग्रजांनी १८८५ साली मंडाले घेतले आणि थिबा राजाला पदच्युत करून पुढे आपल्या रत्नागिरीस आणून ठेवले. धर्माचा राजाश्रय गेला. आता धर्म प्रजेनेच राखला पाहिजे, या तळमळीने लेडी सयाडोंनी अभिधम्म आणि ध्यान संसारी माणसांच्या हाती दिले. प्रापंचिकांनी मोठ्या संख्येने ध्यानास बसावे, ही चाल तेव्हापासूनची.

यात कमीपणा कसला? शेतकरी आणि हिशेबनीस गुरुपदी बसले, ही तर भूषणाची गोष्ट! मग प्राचीनतेचा शिक्का हवा कशाला? कारण शिक्का उमटला की प्रश्न थांबतात. एखाद्या साधकाची झोप उडाली, मन भरकटले, तर दोष त्याच्या साधनेचा ठरतो. विद्या तर शुद्धच!

परंपरेने आले म्हणून किंवा गुरू सांगतो म्हणून काही मानू नका, हा उपदेश केसपुत्तच्या कालामांना बुद्धांनीच केला होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात भदंत चंद्रमणींकडून दीक्षा घेतली आणि त्याच मंडपात, स्वतः भिक्षू नसताना, लाखोंना दिली. तिथे कोणी वंशावळ पुसली नाही.

म्हणून वाचकहो, आपले माणूस शिबिरास निघाले तर त्याला अडवू नका. ध्यानाने मन निवत असेल तर ते खुशाल करावे. मात्र निघण्यापूर्वी तिथल्या आचार्यांना विचारा : मन बिघडले तर डॉक्टरास कोण बोलावील? मधेच उठून घरी येता येईल ना? तुमची चूक झाली तर जाब कोणाला विचारायचा? याची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर अडीच हजार वर्षांचे घराणे आपल्या काही कामाचे नाही.