नकार पैशाला नव्हता, नावाला होता

‘त्या ख्रिस्ती संस्थेने आपल्या खेळाचे पैसे लाथाडले!’ 2008 सालचा हा किस्सा आमच्या रविवारच्या अड्ड्यावर आजही तावातावाने रंगतो. मी तिथे डंजन्स अँड ड्रॅगन्स हा काल्पनिक पात्रं रंगवण्याचा खेळ खेळतो आणि एका छोट्या ट्रस्टचा खजिनदारही आहे. त्यामुळे माझं मत जरा वेगळं पडतं.

या खेळाच्या दोन जनकांपैकी गॅरी गायगॅक्स मार्च 2008 मध्ये गेला. त्यानेच 1968 साली सुरू केलेल्या जेन कॉन या खेळांच्या मेळाव्यात, ऑगस्टमध्ये इंडियानापोलिसला, त्याच्या स्मरणार्थ लिलाव झाला. सतरा हजार डॉलरहून अधिक रक्कम जमली. ती जायची होती त्याच्या आवडत्या ख्रिश्चन चिल्ड्रन्स फंडाला, म्हणजे आजच्या चाइल्डफंडला. गेली मात्र सैनिकांच्या कुटुंबीयांची राहायची सोय करणाऱ्या फिशर हाउसला. मग बोभाटा झाला, की खेळ ‘सैतानी’ म्हणून देणगी नाकारली! खेळाडूंनी संस्थेला नाही नाही ते सुनावलं. संस्थेचा खुलासा असा, की पैसे नाकारलेच नव्हते. लिलावासाठी आपलं नाव वापरू द्यायला नकार दिला होता.

हा खेळ पोरांना सैतानाच्या नादी लावतो, असा आळ अमेरिकेत 1980च्या दशकात खेळाडूंनी सोसला होता. म्हणूनच अफवा लगेच पटली. पण खजिनदाराला तो नकार ओळखीचा वाटतो. गणपती जवळ आले की आमच्याकडेही कुणीतरी येतंच : “साहेब, फ्लेक्सवर तुमचं नाव टाकतो, जमतील ते पैसे तुमचे.” फ्लेक्सवर शेजारी कोण झळकणार, हिशेब कोण ठेवणार, काहीच ठरलेलं नसतं. घोळ झाला तर लोक आमच्याच दारात येणार. आम्ही सांगतो, कार्यक्रम तुमच्या नावावर करा, मग चेक द्या, करसवलतीची पावती लगेच फाडतो. “एवढा माज?” म्हणून काही जण निघून जातात.

गायगॅक्सला मुलांना मदत करायची होती. त्याच्या प्रेमापोटी मुलांच्याच संस्थेवर राग काढणं, हा त्याचा सन्मान नव्हे. पुढच्या वेळी असा संताप फॉरवर्ड करण्याआधी एवढंच विचारा : संस्थेकडे मागितलं काय होतं, आणि तिने नाकारलं काय? देणगी तर फ्लेक्सशिवायही देता येते.