मांगरातला दिवा

माझ्या माहेरी, रत्नागिरीकडे, आंब्याच्या बागेत अब्बांचा मांगर आहे. घरापासून तीनशे फूट लांब. मार्चपासून मे अखेरपर्यंत अब्बा रात्री तिथेच झोपतात. राखण असते, उतरवलेला आंबा पेंढ्यात घातलेला असतो, पहाटे पेट्या भरायच्या असतात. मांगराला विजेचं कनेक्शन नाही. वर्षानुवर्षं कंदिलावर काम चाललं.

मग भावाने घरातून वायर ओढली. काजूच्या फांद्यांवरून, मध्ये दोन जोड, वर चिकटपट्टी. दोन वर्षं दिवा लागला, सगळे खूश. तिसऱ्या वर्षी मे महिन्यात वळवाचा पाऊस आला, वाऱ्याने फांदी हलली आणि एक जोड सुटून ओल्या गवतात पडला. सकाळी तिथे आमची बकरी मरून पडलेली दिसली. त्याच वाटेने माझा सहा वर्षांचा भाचा रोज अब्बांना चहा नेऊन देत असे. अम्मी त्या दिवशी जेवली नाही.

भावाने वायर काढली आणि अब्बांनी पुन्हा कंदील पेटवला. खाली कोरडा पेंढा, वर आग. म्हणजे एक धोका गेला, दुसरा आला. तेव्हा आम्ही सोलरचा विचार केला. हे सगळं लिहितेय, कारण आपल्यापैकी अनेकांकडे असा मांगर, गोठा किंवा मागची शेड आहे आणि तिथे अशीच वायर लोंबकळते आहे.

दुकानात गेलं की पहिला प्रश्न येतो, “पॅनेल किती वॅटचं देऊ?” त्याचं उत्तर दुकानात मिळत नाही, घरी कागदावर काढावं लागतं. मी आठवीत शिकणाऱ्या मुलीला वही घेऊन बसवलं. वॅट गुणिले तास, एवढंच गणित.

7 वॅटचे दोन एलईडी दिवे, रोज 5 तास: 70. रमजान आंब्याच्या हंगामात आला तर सहरीलाही दिवा लागतो, तो वेळ यातच धरला. 15 वॅटचा छोटा पंखा, 6 तास: 90. एक मोबाइल चार्ज करायला साधारण 20. बेरीज झाली 180 वॅट-तास. बॅटरीत आणि वायरमध्ये थोडी वीज वाया जाते, म्हणून पाव भाग वाढवायचा. झाले 225.

आता पॅनेल. आपल्याकडे स्वच्छ उन्हाच्या दिवशी साधारण 5 तासांचं पूर्ण ऊन धरतात. 50 वॅटचं पॅनेल कागदावर 250 देतं, पण उष्णता आणि धूळ यांमुळे हातात 175 च्या आसपास येतात. ते अपुरं पडलं असतं. 100 वॅटचं पॅनेल 350 पर्यंत देतं. आम्ही तेच घेतलं. पावसाळ्यात हे निम्म्याच्याही खाली जातं, पण तेव्हा मांगरात कोणी झोपत नाही. एका दिव्यापुरतं मिळालं तरी पुरे.

खरा खर्च आणि खरी फसगत बॅटरीत आहे. एखादा दिवस ढगाळ गेला तरी चालावं म्हणून दोन दिवसांचा साठा धरला: 450. त्याला 12 व्होल्टने भागलं की जवळपास 38 अँपिअर-तास येतात. पण पाण्याची, म्हणजे लेड-ॲसिड बॅटरी रोज अर्ध्याहून जास्त रिकामी केली तर लवकर मरते. म्हणून ती 75 ची हवी. लिथियम आयर्न फॉस्फेटची असेल तर 50 ची चालते. ती महाग असते, पण जास्त वर्षं टिकते. स्वस्त मिळते म्हणून लहान बॅटरी घेणारा दोन वर्षांत पुन्हा दुकानात उभा असतो.

पॅनेल आणि बॅटरीच्या मध्ये चार्ज कंट्रोलर हवाच. बॅटरी भरली की तो चार्जिंग थांबवतो, फार उतरली की दिवे बंद करतो. बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकाजवळच फ्यूज बसवून घ्या. 12 व्होल्टला धक्क्याची भीती फारशी नाही, पण शॉर्ट झालं तर वायर लाल होते आणि पेंढ्याला तेवढं पुरतं. दिवे आणि पंखा 12 व्होल्टचेच घ्या, म्हणजे इन्व्हर्टर लागत नाही. तो स्वतःच बरीच वीज खातो. वायर जाड आणि आखूड ठेवा. 60 वॅटसाठी घरच्या 230 व्होल्टवर पाव अँपिअर लागतो, 12 व्होल्टवर 5 अँपिअर लागतात.

पॅनेलचं तोंड दक्षिणेला, उतार सतरा-अठरा अंशांचा. कलमाची सावली एका कोपऱ्यावर पडली तरी वीज बरीच घटते, त्यामुळे जागा दिवसभर पाहून ठरवा. लेड-ॲसिड बॅटरी चार्ज होताना पेट घेणारा वायू सोडते. ती हवेशीर जागी, पेंढ्यापासून आणि चुलीपासून लांब ठेवा. तिच्यात डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नाही. जुनी बॅटरी विक्रेत्याला परत द्या. तिच्यातलं शिसं विहिरीत उतरलं तर पोराबाळांच्या पोटात जातं.

एवढ्या संचावर पाण्याची मोटर चालणार नाही. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॅट. त्यासाठी ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही वेगळी योजना आहे; तिच्यात सर्वसाधारण शेतकऱ्याने 10 टक्के रक्कम भरायची असते. ‘पीएम सूर्य घर’चं अनुदान मात्र वीजजोडणी असलेल्या घराच्या छतासाठी आहे. मांगराचा दिवा आपल्याच खिशातून लावायचा.

अब्बांनी पहिले आठ दिवस विश्वास ठेवला नाही. कंदील भरून उशाशी ठेवत. आता तो खुंटीवर आहे आणि त्यातलं रॉकेल अम्मीने काढून टाकलंय. भाचा चहा घेऊन त्याच वाटेने जातो.

तुमच्या शेडकडे जाणारी वायर या आठवड्यात एकदा दिवसा उजेडी पाहून या. जोड दिसला तर घरी येऊन आधी वही घ्या, मग दुकानात जा.