होडी १८ फुटी की २२ फुटी?

मिनेसोटात स्थायिक झालेल्या माझ्या पुतण्याचा गेल्या आठवड्यात दूरध्वनी आला. "काका, तळ्यावर फिरायला पाँटून बोट घ्यायची आहे. १८ फुटी घेऊ की २२ फुटी?" होडीच्या खरेदीत डॉक्टरांचे काय काम, असे वाचकांना वाटेल. परंतु तीत त्याची ६ व ९ वर्षांची मुले बसणार आहेत आणि उन्हाळ्यात तेथे जाणारे दादा-वहिनीही. तेव्हा प्रश्न प्रकृतीचाही आहेच.

पाँटून म्हणजे ॲल्युमिनियमच्या लांब, हवाबंद नळकांड्यांवर बसविलेला, कठडे असलेला तरंगता ओटाच. लहान होडी स्वस्त पडते, गाडीमागे ओढून नेण्यास सोपी असते आणि वाऱ्यात धक्क्याला लावताना आवरते. मोठी होडी लाटांवर कमी हिंदकळते व तीत वावरायला जागा मिळते.

मी विचारले, "नेहमी किती जण जाणार?" तो म्हणाला, "सहा." दादांचे गुडघे दुखतात, शिवाय रक्तदाबासाठी ते लघवी वाढविणारी गोळी घेतात. अशा सहलीत शौचालयाच्या धास्तीने ज्येष्ठ मंडळी पाणी पिणे टाळतात, कधी गोळीही परस्पर चुकवितात. उन्हात पाणी टाळणे घातक ठरू शकते. २२ फुटी होडीत पडद्याआड सुटसुटीत शौचपात्र ठेवणे सोयीचे होते. म्हणून मी मोठ्या होडीच्या बाजूने कौल दिला.

मात्र पथ्ये सांगितली. होडीवरील पट्टीवर माणसांची संख्या व वजन लिहिलेले असते. ती कमाल मर्यादा आहे, तेवढी माणसे भरलीच पाहिजेत असे नव्हे. होडी चालू असताना कठड्यापुढच्या फळीवर कोणीही बसू नये; तेथून पडलेला माणूस होडीखाली जाऊन मागच्या पंख्यात सापडू शकतो. इंजिन सुरू असताना मुलांनी मागच्या शिडीपाशी थांबू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि त्याने होणारी डोकेदुखी व मळमळ 'बोट लागली' म्हणून दुर्लक्षिली जाते. चालकाने इंजिन बंद करणारी दोरी अंगाला अडकवावी. होडी चालू असताना १० वर्षांखालील मुलांना जीवरक्षक जाकीट तेथील कायद्यानेच सक्तीचे आहे. मी ते दादा-वहिनींनाही घालायला सांगितले. वसंतातील थंडगार पाण्यात अचानक पडल्यास पट्टीच्या पोहणाऱ्याचाही श्वास अडकतो.

सारे ऐकून घेतल्यावर पुतण्याने हळूच विचारले, "मोठीच घेतोय, तर मित्राच्या घरचे सात जणही एकदम नेता येतील ना?"

"नाही," मी म्हणालो, "दोन फेऱ्या मार."