पाहुण्यावाचून विधी

‘विधी’ हा शब्द अलीकडे फार स्वस्त झाला आहे. पूर्वी तो लग्नामुंजीत, श्राद्धपक्षात, फार तर मंत्रिमंडळाच्या शपथविधीत भेटत असे. आता सकाळी घरी एक कप कॉफी करून पिणे हाही विधी ठरला आहे. दाणे तोलून घ्यावेत, हाताने दळावेत, काचेच्या भांड्यावर शंकूच्या आकाराची गाळणी ठेवावी, तीत कागद बसवावा, लांब बाकदार मानेच्या किटलीतून पाण्याची बारीक धार गोल फिरवीत सोडावी आणि थेंब थेंब उतरणाऱ्या कॉफीकडे पाहता पाहता मन शांत होऊ द्यावे, असा हा विधी. इंग्रजीत याला पोअर-ओव्हर म्हणतात. आम्ही या लेखापुरते ‘धारेची कॉफी’ म्हणू. आमच्या वाचकांपैकी पुष्कळांच्या घरी ही किटली आणि हा कागद बेंगळुरूहून वा पुण्याहून सुट्टीला आलेल्या मुलांच्या सामानातून येऊन पोचला आहे. सामानाबरोबर शब्दही आले आहेत : ताण उतरणे, स्वतःसाठी वेळ काढणे, मन एकाग्र करणे. आणि या सर्वांचा मेरुमणी म्हणजे ‘विधी’.

आमचे भांडण कॉफीशी नाही, या शब्दाशी आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण हा सगळा प्रकार म्हणजे निव्वळ चोचले, असे म्हणून हसणारी आमच्या पिढीतली मंडळी आम्हांला आपल्या पंक्तीत बसवू पाहतील. त्या पंक्तीत आम्हांला बसायचे नाही. धारेच्या कॉफीतली प्रत्येक पायरी सकारण आहे. साधारण १५ ग्रॅम पूड आणि २५० मिलिलिटर पाणी, हे प्रमाण. पाणी उकळून क्षणभर थांबलेले असावे. पहिल्यांदा पूड भिजेल एवढेच पाणी घालून अर्धा मिनिट थांबायचे, कारण ताज्या भाजलेल्या दाण्यांत कर्बवायू कोंडलेला असतो. तो निघून गेल्याखेरीज पाणी पुडीत नीट शिरत नाही. पूड त्या वेळी फुगते, तिच्यावर बुडबुडे येतात. मग उरलेले पाणी सावकाश घालायचे. तीनेक मिनिटांत कॉफी खाली उतरते. दळण फार बारीक झाले तर पाणी तुंबते आणि कॉफी कडवट होते, फार जाड झाले तर ती पाणचट आणि आंबट उतरते. ज्याला हे साधते तो एक काम नीट शिकला आहे, आणि नीट शिकलेल्या कामाला हसण्याची आमच्यात रीत नाही.

हे परदेशी खूळ आहे, हा दुसरा आक्षेपही टिकणारा नाही. निदान आम्हा बेळगावकडच्या माणसांनी तरी तो घेऊ नये. देशातली सुमारे ७० टक्के कॉफी कर्नाटकात पिकते. सतराव्या शतकात बाबा बुडन यांनी येमेनहून सात बिया आणून चिक्कमगळुरूच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. इतक्या जवळचे हे पीक. पण त्यातला चांगला दाणा आपल्या घरांना फार उशिरा दिसला. १९४२च्या कायद्यानंतर मळेवाल्याला आपले पीक कॉफी मंडळाच्या सामायिक साठ्यात जमा करावे लागे. तेथे कोणाची कॉफी कोणती, हा भेदच पुसला जाई. १९९०च्या दशकात ही बंधने टप्प्याटप्प्याने सैल झाली आणि १९९६मध्ये मळेवाला आपला माल विकायला मोकळा झाला. आज पाकिटावर मळ्याचे नाव, वाणाचे नाव, भाजल्याची तारीख छापलेली असते, ती या बदलाची फळे. ज्या पिढीने कॉफी म्हणून बव्हंशी चिकोरीच प्याली, तिने या पाकिटांचे स्वागतच करावे.

मग विधी या शब्दाला हरकत का? एक तर या पद्धतीचा जन्मच मुळी विधीच्या पोटी झालेला नाही. ड्रेस्डेन शहरात मेलिटा बेंट्झ नावाची एक गृहिणी होती. तिला कॉफीतला चोथा आणि कडवटपणा नकोसा झाला होता. तिने पितळेच्या भांड्याला भोके पाडली, मुलाच्या वहीतला टिपकागद त्यात घातला, वरून कॉफीची पूड आणि गरम पाणी घातले. १९०८मध्ये तिने या गाळणीची अधिकृत नोंद करून घेतली आणि त्याच वर्षी कंपनीही काढली. चित्तशांती हा तिचा विषय नव्हता. घरच्यांच्या कपात गाळ जाऊ नये आणि भांडे घासण्याची कटकट कमी व्हावी, हा होता. सांडशी जशी हात भाजू नये म्हणून, तशी ही गाळणी. एका बाईने कामाचा भार हलका करण्यासाठी शोधलेले साधन, आणि शंभर वर्षांनी तेच वेळ कसा जास्त लागतो याच्या कौतुकासाठी मिरवले जाते, हा काळाचा विनोद आहे.

दुसरे असे, की विधीचा आग्रह धरणारे नेहमी जपानकडे बोट दाखवतात. बोट दाखवायला जागा आहे. हल्ली सर्वत्र दिसणारी आतून वळणदार कंगोरे असलेली शंकूसारखी गाळणी हारिओ या टोकियोच्या कंपनीची, आणि जपानच्या जुन्या कॉफीगृहांत फ्लॅनेलच्या कापडातून कॉफी गाळण्याची कला फार वरच्या दर्जाला पोचलेली आहे. पण त्या कॉफीगृहाचा मालक धार धरतो ती समोर बसलेल्या गिऱ्हाइकासाठी. चहाच्या ज्या जपानी विधीचा दाखला दिला जातो, तो सोळाव्या शतकात सेन नो रिक्यू यांच्या हातून आकाराला आला. त्याचा केंद्रबिंदू आहे पाहुणा. पाहुण्याने वाकून आत यावे म्हणून दार ठेंगणे, पाहुण्यासाठी कोनाड्यात फूल, पाहुण्याच्या समोर भांडे पुसणे. यजमान आणि अतिथी या दोघांवाचून तो विधी उभाच राहत नाही. आपल्याकडेही निराळे नाही. पूजेला देव लागतो, श्राद्धाला पितर लागतात, हळदीकुंकवाला शेजारीण लागते. विधीत कोणीतरी दुसरा असतो आणि आपण त्याचे काही देणे लागत असतो. जपानहून किटली आली, कागद आला, संथपणाही आला. पाहुणा तेवढा बंदरावरच राहिला. जे उरले त्याला छंद म्हणावे, करमणूक म्हणावे. करमणुकीत लाज वाटण्यासारखे काय आहे?

(शांतीसाठी कॉफीची निवड व्हावी हेही गमतीचेच. थकल्याची जाणीव मेंदूला देणारे जे द्रव्य, त्याची वाट अडवणे हे तर कॅफिनचे काम. आपल्या आज्यांनी कॉफीत जायफळ किसले ते स्वादासाठी तर खरेच, पण जायफळाने झोप लागते हेही त्यांना माहीत होते.)

ती जायफळाची कॉफी आठवून पाहा. मोठ्या पातेल्यात दूध, त्यात साखर, पूड, वेलदोडा, वरून किसलेले जायफळ; मग फडक्यातून गाळून दहा-बारा कप. सूक्ष्म चवीच्या दृष्टीने ती फार काही वरची नव्हती, हे मान्य. आमच्या कन्नड शेजाऱ्यांकडची कॉफी तिच्यापेक्षा सरस. सीमाप्रश्नावर त्यांचे-आमचे काय मतभेद असतील ते असोत, कॉफीच्या बाबतीत निकाल त्यांच्याच बाजूने लागतो. त्यांची ती दुमजली पितळी गाळणी तरी काय निराळी होती? वरच्या भांड्यात पूड, तीवर उकळते पाणी, आणि खाली थेंब थेंब उतरणारा अर्क. हीसुद्धा सावकाश उतरणारीच कॉफी. फक्त ती अख्ख्या घरासाठी उतरत असे. या दोन्ही घरांतल्या बायकांनी वर्षानुवर्षे तोललेल्या हाताने, वेळेचा अचूक अंदाज ठेवून हे काम केले. त्याला कोणी विधी म्हटले नाही. त्यांची एकाग्रता कोणाच्या डोळ्यांत भरली नाही. ‘कॉफी झाली का?’ एवढाच काय तो त्यावरचा अभिप्राय.

आमच्या रागाचे मूळ इथे आहे. बाईने केले तर काम, आणि घरातल्या कर्त्या मुलाने केले तर विधी, हा शब्दांचा हिशेब आम्हांला मान्य नाही. सकाळी आठ वाजता ओट्याच्या निम्म्या भागावर काटा, किटली, ग्राइंडर, काचेचे भांडे मांडलेले असते. उरलेल्या निम्म्या भागावर तीन डबे भरायचे असतात, कुकरची तिसरी शिट्टी व्हायची असते. या निम्म्यात मनःशांती आणि त्या निम्म्यात धांदल. आणि एकाची शांती त्याने जे काम अंगावर घेतले नाही त्यावर उभी आहे, हे सांगायला तत्त्वज्ञ लागत नाही. शेवटी ओला कागद चोथ्यासकट तसाच राहतो. कोडगूत किंवा चिक्कमगळुरूत पिकलेले फळ तेवढेच हेरून हाताने खुडणारे हातही बहुतांशी बायकांचेच असतात. त्यांच्या कामाला पाकिटावर ‘हाताने वेचलेले’ असे छापून मान दिला जातो. मजुरीचा आकडा छापत नाहीत.

एवढ्यावर कोणी म्हणेल, माणसाला एकांत नको काय? हवा. दिवसभर पडद्यासमोर बसणाऱ्या, रात्री अमेरिकेच्या वेळेने बोलणाऱ्या मुलांना दहा मिनिटे कोणी हाक मारू नये असे वाटले, तर ते आम्ही समजू शकतो. त्यांनी ती दहा मिनिटे मागून घ्यावीत, आणि तितकीच घरातल्या दुसऱ्या माणसालाही काढून द्यावीत. आमचा आक्षेप आहे तो एकांताला उत्सवाचे नाव देऊन घराघरांत त्याची भेट पाठवण्याला. शहापुरात, टिळकवाडीत, आणि इंदूर-ग्वाल्हेर-बडोद्याच्या वाड्यांतही, अशी कितीतरी घरे आहेत जिथे आता एकच माणूस उरला आहे. मुले दूर गेली, बरोबरीचे गेले, शेजार बदलला. अशा घरी वाढदिवसाला ही पेटी येते : एका माणसाची गाळणी, एका कपाचे माप, आणि सोबत आग्रह की आई, बाबा, स्वतःसाठी थोडा वेळ काढत जा. त्या घरात वेळेचीच तेवढी टंचाई नाही! ज्याच्याकडे कपाटात बारा कपबशा पडून आहेत आणि दुसरा कप भरायला माणूस नाही, त्याला एका कपाचा विधी शिकवणे हे प्रेमाने घडत असले तरी क्रूर आहे. असा कोणी एकटा माणूस ती कॉफी आवडीने करीत असेल, सकाळची तीन मिनिटे त्या धारेवर नजर ठेवून त्याला बरे वाटत असेल, तर त्याच्या हातून किटली काढून घेण्याचा अधिकार आम्हांला नाही. त्याने ती जरूर करावी. पेटी पाठवणाऱ्यांनी मात्र ती पाठवून आपले देणे फिटले असे समजू नये.

बाजारात याच गाळणीचा मोठा आकारही मिळतो. ३० ग्रॅम पूड, अर्धा लिटर पाणी. दळण किंचित जाड, वेळ मिनिटभर जास्त. त्यात तीन कप सहज होतात. दूध हवे त्याने वरून घ्यावे, जायफळ हवे त्याने जायफळ. शुद्धतावाद्यांनी डोळे मिटून घ्यावेत. दिवाळीत मुले घरी येतील तेव्हा हे सगळे सामान ओट्यावरून उचलून बाहेरच्या खोलीत, माणसे बसली असतील तेथे मांडायला सांगावे. पहिला कप कोणाच्या हातात जातो ते पाहावे, आणि मागाहून तो ओला कागद कोण उचलते तेही.