निंदेला भजनाचे उत्तर
गेल्या रविवारी एका मराठी चर्चवरून जाताना पेटी-तबल्याच्या साथीत, झांजांच्या ठेक्यावर रंगलेले भजन कानी पडले आणि पाय आपसूक थबकले. कारण १८९५ साली बाप्तिस्मा घेतल्यावर ज्यांच्या वाट्याला आप्तांचा दुरावा नि लोकनिंदा आली, त्या नारायण वामन टिळकांची ती रचना होती. ज्या अभंग-ओवीच्या मुशीत हा कवी घडला, तिच्यातच त्याने आपला ख्रिस्त गायिला. आणि टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी त्या ताटातुटीच्या दिवसांची हकिकत ‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात अशी सांगितली की, वाचणारा हसता हसता गहिवरतो, पण कटुतेचा एक थेंबही त्याच्या हाती लागत नाही. श्रद्धेची खरी परीक्षा अपमानाच्या घटकेलाच होते आणि द्वेषाची परतफेड न करणाराच तीत उतरतो, असे माझे निःशंक मत आहे. वाचकहो, ‘स्मृतिचित्रे’ पुन्हा एकदा हाती घ्या.